गुरुत्वाच्या नकाशात कोणाचं किती ऐकायचं

गिरगाव चौपाटीवर, लाटेच्या रेषेपासून चार पावलांवर उभं राहून जीपीएसची कच्ची उंची दाखवणारं एखादं ॲप उघडलं, तर पडद्यावर उणे साठ मीटरच्या आसपासचा आकडा उमटतो. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तोच आकडा उणे नव्वदच्या घरात जातो. पायाला खारं पाणी लागतंय आणि यंत्र सांगतंय की आपण समुद्रपातळीच्या खाली वीस-तीस मजले आहोत. फोनच्या जीपीएसची उंची दहा-वीस मीटर इकडेतिकडे होते हे खरं, पण एवढा फरक त्या गडबडीत बसत नाही. तो रोज येतो, प्रत्येक फोनवर येतो आणि एकाच दिशेने येतो. यंत्र बिघडलेलं नसतं, उपग्रहही चुकलेले नसतात. जीपीएस समुद्रापासून उंची मोजतच नाही, इतकंच. ते मोजतं पृथ्वीच्या जागी कल्पिलेल्या एका गुळगुळीत गणिती गोळ्यापासून. विषुववृत्तावर या गोळ्याची त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर, ध्रुवांकडे त्याहून सुमारे २१ किलोमीटरने कमी. खरा समुद्र काही ठिकाणी या गोळ्याच्या वर आहे, काही ठिकाणी खाली. आपल्या बाजूला तो बराच खाली आहे.

ही तफावत सगळीकडे सारखी असती तर एक आकडा पाठ करून भागलं असतं. ती जागोजागी बदलते, म्हणून तिचा नकाशा करावा लागतो, आणि हा नकाशा म्हणजे गुरुत्वाचाच नकाशा. तो काढायला एकही साधन एकट्याने पुरत नाही. उपग्रह, विमान, जमिनीवर ठेवायचं गुरुत्वमापी, डोंगरदऱ्यांच्या उंचीचे आकडे, सगळं एकत्र आणावं लागतं. एकत्र आणणं म्हणजे सगळ्यांची सरासरी काढणं, असा समज सहज होतो. पण इथे सरासरीसारखा वाईट मार्ग दुसरा नाही. कोणत्या साधनाचं कोणत्या बाबतीत ऐकायचं आणि कोणत्या बाबतीत मुळीच ऐकायचं नाही, हे ठरवण्यात या कामाचं सगळं कौशल्य आहे. शिवाय एक मोजणी हिशेबाबाहेर ठेवण्याचा संयमही लागतो. हे दोन्ही का, ते पाहू.

समुद्राला खळगा कसा पडतो

स्थिर पाण्याचा पृष्ठभाग प्रत्येक ठिकाणी ओळंब्याला काटकोनात असतो. तसा नसेल तर पाणी वाहतं आणि तसा होईपर्यंत वाहत राहतं. भरती-ओहोटी, वारा, प्रवाह हे सगळं बाजूला ठेवलं, तर समुद्र ज्या पृष्ठभागावर निवांत बसेल त्याला जिऑइड म्हणतात. जमिनीखाली कालवे खणून समुद्राचं पाणी आत आणलं तर ते जिथवर चढेल, तो या पृष्ठभागाचा जमिनीखालचा भाग. म्हणजे जिऑइड नागपूरखालीही आहे आणि हिमालयाखालीही.

पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सारखं पसरलेलं नाही. एखाद्या भागाखाली ते जास्त असेल तर तिथला समुद्र फुगतो, कमी असेल तर खचतो. इथे शंका येते: ओढ जास्त म्हटल्यावर पाणी खाली दबायला हवं, ते वर कसं येतं? पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून सरळ खालची ओढ त्याला हलवू शकत नाही. जास्तीचं वस्तुमान आजूबाजूच्या पाण्याला तिरपं आपल्याकडे ओढतं, ओळंबे त्याच्याकडे कलतात आणि पाणी तिथे गोळा होऊन उंचावतं. न्यू गिनीच्या परिसरात हा फुगवटा गणिती गोळ्याच्या वर सुमारे ८५ मीटर आहे. जगातला सर्वांत खोल खळगा आहे श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, सुमारे १०६ मीटरचा. त्याच्या कारणाचा शोध अजून चालू आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये संगणकी प्रतिरूपांच्या आधारे असं मांडलं की आफ्रिकेच्या बाजूने आलेला तप्त, हलका पदार्थ या भागाच्या खाली पसरला आहे.

भारतीय द्वीपकल्प या खळग्याच्या उतारावर बसलं आहे. मुंबईजवळ जिऑइड गोळ्याच्या सुमारे ६५ मीटर खाली, चेन्नईजवळ ९० मीटरहून थोडा जास्त खाली. हजार किलोमीटरांत पंचवीस-सत्तावीस मीटर, म्हणजे किलोमीटरमागे अडीच सेंटिमीटरहून थोडा जास्त उतार. पायी चालणाऱ्याला तो कळणार नाही. पण मोठ्या कालव्याला दहा हजाराला एक, म्हणजे किलोमीटरमागे १० सेंटिमीटर, असा उतार दिला जातो. नुसत्या जीपीएसवर विसंबून कालवा आखला तर उताराचा पाव भाग निव्वळ आभासी निघेल.

[चौकट]
तीन उंच्या
जीपीएस देतं ती उंची गणिती गोळ्यापासूनची. जिऑइडचा नकाशा सांगतो ती समुद्रपातळीची त्याच गोळ्यापासूनची उंची, जी आपल्याकडे उणे असते. पहिलीतून दुसरी वजा केली की व्यवहारातली, म्हणजे पाणी कुठून कुठे वाहील ते सांगणारी उंची मिळते. मुंबईत जीपीएसने उणे ६० दाखवले आणि जिऑइड उणे ६५ वर असला, तर ती जागा समुद्राच्या ५ मीटर वर आहे.

दुरून ढोल, जवळून ताशा

गणपतीत ढोल-ताशांचं पथक चार गल्ल्या पलीकडे असलं तर आपल्यापर्यंत पोहोचतो तो ढोल. ताशाची तडतड वाटेतच विरते. पथक दारात आलं की मात्र ताशाच कान व्यापतो. गुरुत्वाचंही तसंच आहे. पृथ्वीवरचे गुरुत्वाचे चढउतार लहानमोठ्या लांबीच्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतात. हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा म्हणजे ढोल: खंडांच्या आणि प्रावरणाच्या पातळीवरचे फरक. दहा-वीस किलोमीटरच्या लाटा म्हणजे ताशा: एखादी डोंगररांग, एखादी दरी, पुरलेला जड खडक. आपण जसजसे वर जातो तसतशी प्रत्येक लाट क्षीण होते, आणि आखूड लाट फार झपाट्याने होते. २५० किलोमीटर उंचीवर २०० किलोमीटर लांबीच्या लाटेचा जोर जमिनीवरच्या जोराच्या अडीच हजाराव्या हिश्शावर येतो. ५० किलोमीटरच्या लाटेचं तिथे मोजण्याजोगं काहीच उरत नाही.

अजून चांगला उपग्रह सोडला तर बाकीची खटपट वाचेल, या सूचनेला हेच उत्तर आहे. अडचण यंत्राच्या कारागिरीची नाही, अंतराची आहे. युरोपच्या गोचे उपग्रहाने या मर्यादेला शक्य तितकी टक्कर दिली. २००९ च्या मार्चमध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे २५५ किलोमीटरवर आणि शेवटी त्याहूनही खाली, २२४ किलोमीटरवर फिरत होता. एवढ्या खाली विरळ हवेचंही घर्षण लागतं, म्हणून झेनॉन वायूवर चालणारं छोटं इंजिन त्याला सतत पुढे रेटत असे. त्याच्या पोटात अर्ध्या मीटरच्या अंतरावर बसवलेल्या त्वरणमापींच्या तीन जोड्या होत्या. जोडीतल्या दोघांना जाणवणाऱ्या ओढीतला फरक, हेच त्याचं मोजमाप. इंधन संपलं आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तो वातावरणात जळाला. जाताना १०० किलोमीटरपर्यंतचे तपशील त्याने असे दिले की जिऑइड तेवढ्या पल्ल्यावर एक-दोन सेंटिमीटरांत बांधला जावा. त्याआधी, २००२ मध्ये सोडलेली ग्रेस ही उपग्रहांची जोडी सुमारे २२० किलोमीटरचं अंतर ठेवून एकामागे एक धावत होती. पुढचा उपग्रह जड भागावर आधी पोहोचून आधी ओढला जाई. दोघांमधलं अंतर मायक्रॉनच्या हिशेबात मोजत ग्रेसने ढोलाचा सर्वांत खोल स्वर टिपला.

आता दुसरं टोक. जमिनीवरचं गुरुत्वमापी म्हणजे अतिशय नाजूक स्प्रिंगला टांगलेलं वजन. त्याची मोजणी मिलिगॅलमध्ये होते. एक मिलिगॅल म्हणजे आपल्या नेहमीच्या गुरुत्वाचा सुमारे दहा लाखावा भाग, आणि हे यंत्र त्याचाही शंभरावा हिस्सा ओळखतं. ते जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं तरी आकडा पाव मिलिगॅलच्या आसपास उतरतो, कारण मीटरभर वर गेलं की गुरुत्व सुमारे ०.३ मिलिगॅलने घटतं. ताशाची एकेक टिपरी ऐकणारं हे यंत्र आहे. मग जमिनीवरच जागोजागी ते ठेवून काम का भागू नये?

कारण त्याची ताकद हाच त्याचा कच्चा दुवा आहे. उंचीतली प्रत्येक चूक त्याच्या आकड्यात उतरते. पूर्वीच्या कित्येक मोजण्यांत त्या जागेची उंची नकाशावरून वाचून लिहिलेली असे. ती दहा मीटरने चुकली की तीन मिलिगॅल वाया गेले. सुट्या सुट्या चुका एकमेकींना खोडून काढतात, पण एकाच मोहिमेतल्या, एकाच चुकीच्या आरंभबिंदूवर बेतलेल्या मोजण्या सगळ्याच एका दिशेने सरकतात. शंभर किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशात सगळे आकडे फक्त एक मिलिगॅलने सरकलेले असले, तरी तिथला जिऑइड सुमारे १० सेंटिमीटरने खोटा निघतो. दहा लाखावा भाग चुकल्याची ही शिक्षा आहे, आणि ती नुसते आकडे तपासून सापडत नाही, कारण शेजारचा आकडाही तेवढाच चुकलेला असतो. शिवाय माणूस यंत्र घेऊन रस्ता असेल तिथेच जातो. दऱ्यांमध्ये मोजणीच्या जागांची दाटी आणि शिखरांवर शुकशुकाट, हे जगभरच्या गुरुत्वनकाशांचं चित्र आहे.

या दोघांमधली पोकळी विमान भरून काढतं. अमेरिकेत सुमारे ६ किलोमीटर उंचीवरून, दहा-दहा किलोमीटरवर समांतर रेषा आखून अशी उड्डाणं झाली. विमान डोंगर आणि दरी यांत भेदभाव करत नाही आणि सलग शेकडो किलोमीटर एकाच यंत्राने मोजतं, म्हणून मधल्या पल्ल्याच्या लाटांवर त्याचा शब्द मोलाचा. मात्र विमानाचे स्वतःचे हेलकावे गुरुत्वाच्या फरकांपेक्षा हजारो पटींनी मोठे असतात. जीपीएसच्या मदतीने ते वजा करून वर आकडे पुष्कळ गुळगुळीत करावे लागतात. ६ किलोमीटरवर २० किलोमीटरच्या लाटेचे जेमतेम १५ टक्के उरतात, १० किलोमीटरच्या लाटेचे २ टक्के.

चौथं साधन गुरुत्व मोजतच नाही. अमेरिकी अवकाशयानाने २००० च्या फेब्रुवारीत ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. डोंगराचा आकार कळला आणि त्याच्या खडकाची घनता गृहीत धरली की त्याची ओढ कागदावर काढता येते. ताशाचा बारीकातला बारीक आवाज अशा हिशेबाने मिळतो. खडकाची घनता किती, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

फरक वाटून टाकू नये

वेगवेगळ्या मोजण्या जुळल्या नाहीत तर फरक सगळ्यांत वाटून मोकळं व्हायचं, ही सर्वेक्षणातली जुनी सवय. तिची किंमत काय असते याचं उत्तम उदाहरण भारतातच घडलं. गंगेच्या मैदानातलं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर यांच्यामधलं सुमारे ६०० किलोमीटरचं अंतर एकोणिसाव्या शतकात दोन रीतींनी काढलं गेलं. एकदा त्रिकोणांच्या जाळ्याने, एकदा ताऱ्यांवरून अक्षांश काढून. दोन उत्तरांत ५.२३६ विकलांचा, जमिनीवर सुमारे १६० मीटरचा फरक आला. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तो मोजणीतला दोष धरला आणि जाळ्यात पसरवून टाकला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना ते पटलं नाही. ताऱ्यांची मोजणी ओळंब्यावर विसंबते आणि ओळंबा हिमालयाकडे ओढला जातो, हे धरून त्यांनी हिशेब मांडला. उत्तर आलं १५.८८५ विकला, प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. हिमालय दिसतो तितका ओढत नव्हता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी खुलासा सुचवला की डोंगरांची हलक्या खडकाची मुळं खोलवर गेलेली असावीत, आणि पर्वत खालच्या जड थरात तरंगत असावेत. प्रॅट यांनी पुढे आपली वेगळी उपपत्ती मांडली. पृथ्वीच्या कवचाचा समतोल ही भूशास्त्रातली मोठी कल्पना त्या न जुळणाऱ्या पाच विकलांतून निघाली. एव्हरेस्ट यांनी वाटलेली चूक तशीच राहिली असती तर ती निघाली नसती.

म्हणून आजचे अभ्यासक फरक वाटत नाहीत, तो कुठल्या लांबीच्या लाटेतून आला ते विचारतात. प्रत्यक्ष कामाची रीत अशी. जमिनीवर आणि विमानात मोजलेल्या प्रत्येक आकड्यातून आधी उपग्रहांनी सांगितलेला लांब लाटांचा भाग वजा करायचा. मग उंचीच्या नकाशावरून काढलेली डोंगरांची बारीक ओढ वजा करायची. ढोलही गेला, ताशाही बराचसा गेला. उरतं ते लहान आणि बऱ्यापैकी मऊ, म्हणून दोन मोजणीबिंदूंच्या मधल्या जागी त्याचा अंदाज करणं सोपं जातं. या उरलेल्या गुरुत्वापासून जिऑइडचा उरलेला भाग काढायचा आणि आधी वजा केलेलं सगळं, जिऑइडच्या भाषेत, परत मिळवायचं. गुरुत्वापासून जिऑइड काढण्याचं सूत्र जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्येच दिलं होतं. त्यात एका जागेचा जिऑइड काढायला साऱ्या पृथ्वीवरचं गुरुत्व लागतं. दूरचा भाग उपग्रहांच्या हाती सोपवला की जवळच्या काही अंशांतल्या मोजण्यांवर काम भागतं.

खरा निर्णय मधल्या सांध्यावर असतो. उपग्रहाचं शंभर किलोमीटरपर्यंत ऐकायचं की दीडशेवरच थांबायचं? सांधा फार आखूड लाटांवर नेला तर उपग्रहाची कुजबुज खरी मानली जाते. फार लांब लाटांवर ठेवला तर जमिनीवरची ती एका दिशेने सरकलेली मिलिगॅल आत शिरते. त्यासाठी स्टोक्स यांच्या सूत्रात अशी कात्री लावतात की जमिनीवरच्या आकड्यांना लांब लाटांबद्दल बोलताच येऊ नये. दुसरी पद्धत डेन्मार्कचे टोर्बेन क्रारुप आणि ऑस्ट्रियाचे हेल्मुट मोरिट्झ यांनी उभी केली. दोन जागांच्या गुरुत्वाचं नातं अंतरागणिक कसं सैल होत जातं ते आधी आकड्यांवरूनच शोधायचं, प्रत्येक साधनाच्या चुकीचा अंदाज सोबत घ्यायचा, आणि मग एकाच समीकरणात प्रत्येकाला त्याच्या लायकीप्रमाणे वजन द्यायचं. तो अंदाजही हातचा नको असेल तर साधनांच्या आपसातल्या विसंगतीवरून कोण किती चुकतं ते काढता येतं. ऐकायला हे निःपक्षपाती वाटतं, पण एक अट आहे: साधनं खरोखर स्वतंत्र हवीत. जगाचे तयार गुरुत्वनमुने मिळतात, २००८ चा ईजीएम हा त्यातला नावाजलेला. त्यात उपग्रहांबरोबर जमिनीवरची मोजणीही मिसळलेली आहे. तो पाया म्हणून घेतला आणि वर तीच जमिनीवरची मोजणी पुन्हा घातली, तर एकच साक्ष दोनदा नोंदली जाते. नकाशा छान जुळलेला दिसतो आणि चूक पक्की होते.

कोलोरॅडोतली परीक्षा

अमेरिकेचं अधिकृत उंचीमापन बरीच वर्षं १९८८ च्या जाळ्यावर चाललं. ते उभं केलं होतं लेव्हलिंगवर: पन्नास-साठ मीटरवर स्टाफ धरायचे, मध्ये पाणसळीत आणलेली दुर्बीण लावायची आणि बेंचमार्कपासून बेंचमार्कपर्यंत असं देशभर चालत जायचं. या सगळ्या जाळ्याची गाठ एकाच ठिकाणी, कॅनडातल्या रिमूस्कीजवळच्या भरतीमापकाला बांधलेली. प्रत्येक पावलाची चूक केसाएवढी, पण खंडभर पावलं म्हटल्यावर ती साचत गेली. उपग्रहांशी ताडून पाहिलं तेव्हा आग्नेयेपासून वायव्येपर्यंत सुमारे एक मीटरचा खोटा कल निघाला. म्हणून तिथल्या राष्ट्रीय भूगणित विभागाने लेव्हलिंगऐवजी गुरुत्वाच्या नकाशावर उंची बेतायचं ठरवलं आणि देशभर विमानी मोजणी हाती घेतली. अशा नकाशावर किती भरवसा ठेवावा हे पाहायला त्यांनी मुद्दाम अवघड जागा निवडली: रॉकी पर्वतांसह कोलोरॅडोचा ७३० बाय ५६० किलोमीटरचा प्रदेश.

चौदा देशांतल्या चौदा गटांना एकसारखी सामग्री दिली गेली: जमिनीवरचे ५९,३०३ गुरुत्वबिंदू, विमानातले आकडे, उंचीचा नकाशा. रीत ज्याची त्याने निवडायची होती. उत्तरपत्रिका मात्र वेगळी ठेवलेली होती. २०१७ मध्ये कोलोरॅडोच्या दक्षिण भागात ड्युरँगो ते वॉल्सनबर्ग या महामार्गावर २२३ खुणांवर जीपीएस, काटेकोर लेव्हलिंग आणि ताऱ्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्याने ओळंब्याचा कल अशा तिन्ही मोजण्या घेतल्या गेल्या. हा रस्ता वुल्फ क्रीक खिंडीत ३३०० मीटरवर चढतो आणि मग सॅन लुइसच्या सपाट खोऱ्यात उतरतो. या मोजण्यांतून जिऑइडचा आकार गुरुत्वमापीला हात न लावता मिळतो, म्हणून त्या नकाशात मिसळल्या नाहीत.

२०२१ मध्ये निकाल छापला गेला. सगळ्या प्रदेशात चौदा नकाशे एकमेकांशी सुमारे २ सेंटिमीटरांत जुळले. महामार्गाच्या रेषेवर त्यांच्या चुका १.२ ते ३.४ सेंटिमीटरांच्या दरम्यान निघाल्या. उद्दिष्ट एक सेंटिमीटरचं होतं, ते गाठता आलं नाही आणि अहवालाने तसं स्पष्ट लिहिलं. सर्वांत बोलका निष्कर्ष वेगळाच आहे: नकाशांतले फरक मुख्यतः सिद्धान्तांतून आलेले नव्हते. आकडे चाळताना, गुळगुळीत करताना, जाळीत बसवताना कोणी काय केलं, त्यातून ते आले होते. एकाने शंकास्पद बिंदू काढून टाकले, दुसऱ्याने ठेवले. एकाने विमानाचे आकडे जमिनीपर्यंत गणिताने खाली आणले, दुसऱ्याने ते हवेतच ठेवून वापरले. असे निर्णय सहसा लेखाच्या तळटीपेत जातात. अचूकता तिथेच ठरते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: चौदा जण जुळले म्हणजे उत्तर बरोबर असं कशावरून? तसं नाहीच. सामग्री एकच असल्यामुळे तिच्यातली चूक सगळ्यांच्या नकाशात सारखीच उतरली असणार. जुळणं ही नेमकेपणाची खूण आहे, खरेपणाची नाही, आणि म्हणूनच महामार्गाची मोजणी बाहेर ठेवण्याला एवढं महत्त्व. तिथेही सांभाळून बोलावं लागतं, कारण ती रेषा सर्वांत खडबडीत भागातून गेलेली नाही आणि तिच्या स्वतःच्या चुका नकाशांच्या चुकांइतक्याच आहेत. चौदांत पहिला कोण, हे तिच्यावरून ठरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. लेव्हलिंगच्या खुणा हजारोंनी हाताशी असताना नकाशा सरळ त्यांच्यावर ताणून का बसवू नये? पुष्कळ देश तसं करतात आणि रोजच्या कामाला ते चालतं. पण तो नकाशा मग लेव्हलिंगचीच नक्कल होतो. १९८८ च्या जाळ्यातला मीटरभराचा कल अशा नकाशाने जसाच्या तसा उचलला असता, आणि तो दाखवून द्यायला कोणीच उरलं नसतं.

तिसरा आक्षेप: दोन सेंटिमीटर कोणाला हवेत? घर बांधणाऱ्याला नकोत. पूररेषा, कालवे आणि बंदरं आखणाऱ्यांना हवेत, कारण सपाट प्रदेशात पाणी किती दूर पसरणार ते अशाच फरकांवर ठरतं. जिथे लेव्हलिंग पोहोचत नाही तिथे तर दुसरा उपायच नाही. नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर जाहीर केली. शिखरावरच्या जीपीएसने दिली ती गोळ्यापासूनची उंची. समुद्रपातळी त्या शिखराच्या खाली कुठे असती, ते गुरुत्वाच्या मोजण्यांवरून काढावं लागलं, आणि नेपाळवर २०१० मध्ये झालेली विमानी गुरुत्वमोजणी त्या कामी आली.

सह्याद्रीखालचा खडक आणि कोकणची पट्टी

सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांचं, म्हणजे कॉर्सचं, जाळं उभारल्यापासून गोळ्यापासूनची उंची काही सेंटिमीटरांपर्यंत चटकन मिळते. तिला तोडीस तोड जिऑइड मिळाला नाही तर ती अचूकता वाया जाते, आणि आपल्याकडे हे काम कोलोरॅडोहून वेगळ्या कारणांनी अवघड आहे. डोंगरांची ओढ काढताना जगभर खडकाची घनता घनमीटरला २६७० किलो धरतात. ग्रॅनाइटच्या प्रदेशात ती शोभते. सह्याद्री मात्र बेसॉल्टचा आहे आणि त्याची घनता २९०० च्या आसपास. हजार मीटर जाडीच्या थराची ओढ पहिल्या आकड्याने सुमारे ११२ मिलिगॅल येते, दुसऱ्याने १२२ च्या जवळपास. वजा करताना आणि परत मिळवताना एकच आकडा वापरला तर ही चूक बरीचशी फिटते. मात्र ज्या कड्यांवर मोजणीच नाही तिथे अंदाज कच्चा राहतो, आणि घाटमाथ्याच्या सरळ तुटलेल्या कड्यांवर मोजणीच्या जागा मिळणं कठीण.

खाली उतरलं की दुसरी अडचण. समुद्रावर गुरुत्व मोजायचा स्वस्त मार्ग उपग्रहातल्या रडारचा: पाण्याची उंची मोजा, पाणी जवळपास जिऑइडवरच बसलेलं असतं. किनाऱ्याजवळ मात्र रडारच्या झोतात जमीन शिरते, भरतीचे हिशेब गुंतागुंतीचे होतात, आणि शेवटच्या काही किलोमीटरांतले आकडे भरवशाचे राहत नाहीत. जमिनीवरचं यंत्र वाळूपाशी थांबतं, सर्वेक्षणाचं जहाज उथळ खडकाळ पाण्यात शिरत नाही. जिथे जिऑइडचा समुद्राशी संबंध जुळायला हवा, नेमकी तीच पट्टी रिकामी. त्यात १९०९ मध्ये ठरलेली भारताची उंचीची शून्यपातळी मुंबई आणि कारवारसह नऊ बंदरांतल्या सरासरी समुद्रपातळ्या एकच मानून ठरवलेली आहे. प्रवाह आणि पाण्याचं तापमान-खारेपण यांमुळे त्या पातळ्या प्रत्यक्षात एका जिऑइडवर नसतात. या पट्टीत किनाऱ्याला काटकोनात, समुद्रावरून थेट घाटमाथ्यापर्यंत विमानाच्या रेषा टाकणं हाच खात्रीचा मार्ग आहे. आणि कोकणातून घाट चढून देशावर जाणारी लेव्हलिंगची एक चांगली रेषा, कितीही मोह झाला तरी, त्या नकाशात न घालता त्याच्या तपासणीसाठी राखून ठेवावी लागेल.